वरणभाताची धिरडी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाश्त्याला धिरडी आणि जेवायला वरणभात, हे दोन्ही पदार्थ आपल्या घरांत इतके रुळलेले आहेत की त्यांची एकमेकांशी सोयरीक जुळवावी, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्या स्वयंपाकघरात मात्र ही सोयरीक जुळून आता सात-आठ वर्षे झाली. ज्यांना ज्यांना ही धिरडी खाऊ घातली, त्यांनी पुढे स्वतः करताना जे प्रश्न विचारले, तेच येथे उत्तरांसह दिले आहेत.

वरणभाताची धिरडी म्हणजे नेमके काय?

मऊ भात आणि साधे वरण एकत्र कालवून, त्यात थोडे कच्चे पीठ, आले-मिरची, जिरे आणि कोथिंबीर घालून केलेले सरसरीत पीठ तव्यावर पसरून भाजायचे, म्हणजे ही धिरडी होतात. वरून साजूक तूप सोडतात आणि पानात घेताना लिंबू पिळतात. त्यामुळे चव वरणभाताचीच राहते, फक्त तिला बाहेरून खरपूस कड मिळते. बेसनाचे धिरडे खाताना जो थोडा कोरडेपणा जाणवतो तो येथे नसतो, आणि घावनाइतके हे धिरडे पातळही नसते. आंबोळी आणि घावन यांच्यामधली जाडी डोळ्यांसमोर ठेवावी.

उरलेल्या अन्नाची सोय म्हणून या पदार्थाकडे पाहिले जाते आणि तशी ती होतेही; पण मला हा पदार्थ त्याच्या स्वतःच्या गुणासाठी आवडतो. शिजलेला भात पिठात असल्यामुळे जो लुसलुशीतपणा येतो तो नुसत्या कोरड्या पिठाच्या धिरड्याला कितीही पाणी वाढवले तरी येत नाही. असे का होते, हे पुढे एका उत्तरात सविस्तर सांगितले आहे.

प्रमाण काय घ्यावे?

दोन वाट्या कालवलेला घट्टसर वरणभात, अर्धी वाटी तांदळाची पिठी, पाव वाटी बेसन, एक मोठा चमचा बारीक रवा, दोन हिरव्या मिरच्या आणि अर्धा इंच आले ठेचून, अर्धा चमचा जिरे, मूठभर चिरलेली कोथिंबीर, चिमूटभर हिंग आणि मीठ. वाटी आमटीची, म्हणजे साधारण 150 मिलिलिटर मापाची धरली आहे. पाणी पाऊण ते एक वाटी लागते, पण ते एकदम ओतू नये, कारण प्रत्येक घरचा वरणभात कमी-अधिक पातळ असतो. वरणात आणि भातात आधीच मीठ असते, हे लक्षात ठेवून मीठ केवळ पिठाच्या हिशोबाने घालावे. एवढ्या ऐवजात मध्यम आकाराची आठ ते नऊ धिरडी होतात आणि तिघांचा नाश्ता भागतो.

पीठ कालवून झाले की पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. रवा आणि पिठी तेवढ्या वेळात पाणी पितात आणि पीठ थोडे घट्ट होते. मग पुन्हा दोन-चार चमचे पाणी घालून ते सारखे करावे. ओगराळ्यातून पीठ ओतताना त्याची अखंड धार पडली आणि ती भांड्यातल्या पिठात लगेच मिसळून गेली, तर सैलसरपणा बरोबर जमला असे समजावे.

भात मिक्सरमधून फिरवून घेतला तर काम सोपे होणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. पहिल्यांदा ही धिरडी करताना मीही तेच केले होते. भातात शिते दिसू नयेत, पीठ डोशासारखे एकजीव व्हावे, असे वाटले म्हणून वरणभात मिक्सरच्या भांड्यात घातला आणि चांगला दोन मिनिटे फिरवला. झाकण काढले तेव्हा आत पीठ नव्हते, तर चकाकणारा, ताणला जाणारा, चमच्याला सोडता सोडत नाही असा चिकट गोळा होता. त्यात पाणी घातले तर तो पाण्यात तरंगू लागला. तव्यावर घातला तर उलथन्याबरोबर वर येऊ लागला. त्या दिवशी शेवटी पोह्यांवर नाश्ता उरकावा लागला.

लहानपणी पतंगाला कागद चिकटवण्यासाठी आपण भाताची खळ करीत होतो, ती आठवली तर कारण ताबडतोब ध्यानात येते. तांदळाच्या दाण्यातील स्टार्च शिजताना पाणी शोषून फुगतो, पण शीत अख्खे असेपर्यंत तो बराचसा शिताच्या आतच राहतो. मिक्सरचे पाते वेगाने फिरले की ती फुगलेली शिते फाटतात, आतला स्टार्च बाहेर पडतो आणि सगळ्या मिश्रणाची खळ होते. म्हणून भात हाताने कुस्करावा, किंवा पितळी डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला दाबावा. ताक घुसळण्याची रवी असेल तर तिने आठ-दहा वेळा हलक्या हाताने घुसळले तरी पुरते. निम्मी शिते मोडलेली आणि निम्मी शाबूत असावीत. भाजलेल्या धिरड्यात अधूनमधून दाताखाली येणारे मऊ शीत हा दोष मानू नये. वरणभात खाल्ल्याचा भास त्याच शितांमुळे होतो.

डोशाच्या किंवा आंबोळीच्या पिठात वाटताना मूठभर भात किंवा भिजवलेले पोहे घालतातच की, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. मात्र तेथे भाताचे प्रमाण फार थोडे असते, भोवती भरपूर कच्चा तांदूळ आणि उडीद असतात, आणि पीठ रात्रभर आंबते. येथे भातच मुख्य असल्यामुळे तो न्याय लागू पडत नाही.

वरणभात आधीच शिजलेला असताना त्यात कच्चे पीठ घालण्याची गरज काय?

केवळ वरणभाताचे धिरडे घालून पाहावे, म्हणजे गरज कळते: ते एका बाजूने भाजले जाते, पण उलटताना त्याचे तुकडे होतात. शिजलेला स्टार्च आपले पाणी आधीच पिऊन बसलेला असतो. तव्यावर त्याला पुन्हा धरून ठेवण्यासारखे काही उरत नाही. कच्च्या पिठीचे तसे नाही. तव्याची उष्णता लागून पीठ साधारण 65 ते 75 अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कच्च्या पिठीतला स्टार्च भोवतीचे पाणी शोषून फुगतो आणि शितांना एकमेकांत धरून ठेवतो. बेसनातली प्रथिनेही उष्णतेने घट्ट होतात आणि या धरण्याला बळ देतात. अंडे फोडून घातले तरी हेच साधते, त्यामुळे ज्यांना चालते त्यांनी पाव वाटी बेसनाऐवजी एक अंडे घालण्यास हरकत नाही. चव मात्र वरणभातापासून थोडी दूर जाते, असे माझे मत आहे.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू. शिजलेल्या भाताने जे पाणी धरून ठेवलेले असते ते तव्यावर सहजी उडून जात नाही. कोरडे पीठ भिजवून केलेल्या धिरड्यात पाणी सुटे असते, त्यामुळे ते लवकर वाफ होऊन निघून जाते आणि गार झाल्यावर धिरडे वातड होते. येथे मात्र भातात कोंडलेला ओलावा टिकून राहतो. म्हणून पिठाचा आणि वरणभाताचा मेळ नीट बसवणे महत्त्वाचे. दोन वाट्या वरणभाताला पिठी, बेसन आणि रवा मिळून पाऊण वाटीच्या आसपास कोरडे पीठ ठेवावे. ते एक वाटीच्या वर गेले की ही साधी पिठाची धिरडी होऊ लागतात, आणि अर्ध्या वाटीच्या खाली आले की उलटताना हात थरथरतो.

कोणता तांदूळ चांगला?

मऊ आणि किंचित चिकट शिजणारा. आंबेमोहोर यासाठी सर्वोत्तम, कारण त्याचा भात बोटांनी दाबताच मोडतो आणि त्याचा आंब्याच्या मोहोरासारखा वास तव्यावर तूप सोडताच पुन्हा उठतो. इंद्रायणीही छान, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या या वाणात आंबेमोहोराचा वारसा आहेच. कोलमचा भात मोकळा झाला असेल तर कालवताना दोन चमचे गरम पाणी शिंपडून दहा मिनिटे झाकून ठेवावे. कोकणातला आणि गोव्यातला उकडा तांदूळ मात्र शिजल्यावरही कणखर राहतो. त्याचा भात वापरायचा असल्यास तो जास्त पाण्यात मऊसर शिजवून घ्यावा, नाहीतर धिरड्यात शिते वेगळी टोचतात.

वरण कसे असावे? आमटी चालेल का?

तुरीच्या डाळीचे हळद-हिंगाचे साधे, घट्ट वरण उत्तम. गोडे वरण करताना त्यात गुळाचा खडा घालण्याची पद्धत असेल, तर आच एक पायरी कमी ठेवावी, कारण गूळ तव्यावर लवकर जळतो आणि धिरड्यावर काळे, कडसर ठिपके पडतात. हाच प्रश्न आमटीच्या बाबतीत अधिक येतो, कारण तिच्यात गुळाबरोबर चिंच किंवा आमसूल आणि गोडा मसालाही असतो. आमटीभाताची धिरडी चवीला खमंग होतात, पण ती वेगळ्या स्वभावाची असतात. आमटी वापरताना त्यातली कढीपत्त्याची पाने आणि खोबऱ्याचे मोठे तुकडे काढून टाकावेत आणि तूप-लिंबाऐवजी घट्ट दही द्यावे. पातळ आमटी असेल तर पिठात वेगळे पाणी घालण्याची गरज उरत नाही.

तवा कोणता घ्यावा आणि तो किती तापवावा?

बिडाचा तवा असल्यास दुसरा विचार करू नये. तो जड असतो, सावकाश तापतो आणि तापल्यावर थंड, ओले पीठ पडूनही त्याची उष्णता चटकन खाली येत नाही. ही धिरडी साध्या धिरड्यांपेक्षा ओली असल्यामुळे हा गुण फार उपयोगी पडतो. बिडाच्या तव्याचा काळा तुळतुळीत पृष्ठभाग म्हणजे वर्षानुवर्षांच्या वापराने भाजून घट्ट बसलेला तेलाचा थर असतो. तारेच्या घासणीने आणि साबणाने तो दररोज खरवडला तर तवा पुन्हा धरू लागतो. काम झाल्यावर गरम पाण्याने धुऊन, आचेवरच कोरडा करून, तेलाचा हात फिरवून ठेवला की तो पिढ्यान् पिढ्या चालतो. माझ्याकडचा तवा सासूबाईंच्या आईंचा आहे. त्याचा एक कान तुटलेला आहे आणि त्यावर अजूनही पहिले धिरडे चिकटत नाही.

तापमान पाहण्यासाठी पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. ते चर्र आवाज करून तेथेच आटले, तर तवा तयार आहे. थेंब आटण्याऐवजी मोत्यांसारखे तव्यावर पळू लागले, तर तवा गरजेपेक्षा जास्त तापला आहे. आच कमी करून मिनिटभर थांबावे. थेंब नुसते पसरून संथपणे बुडबुडे येत राहिले, तर अजून तापू द्यावा. तवा तेलाने भरू नये. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवावा. कोकणात यासाठी नारळाची शेंडीही वापरतात. कांद्याने तेल पातळ आणि सारखे लागते, शिवाय त्याचा रस तव्यावर भाजून जो वास सुटतो तो या धिरड्यांना फार शोभतो.

नॉनस्टिक तव्यावरही धिरडी होतात, फक्त तो रिकामा फार वेळ तापत ठेवू नये. इंडक्शनच्या शेगडीवर उष्णता मधल्या वर्तुळात एकवटते, त्यामुळे मध्यम आचेवर चार-पाच मिनिटे तवा तापू देऊन मगच पीठ घालावे, म्हणजे कडा कच्च्या राहणार नाहीत.

घावनासारखे ओतावे की आंबोळीसारखे पसरावे?

दोन्ही नाही. घावनाचे पीठ पाण्यासारखे पातळ असते आणि ते कडेकडून मध्याकडे ओतत आणतात. हे पीठ तसे ओतले तर शिते एका जागी साचतात. डोशासारखे वाटीच्या बुडाने जोर देऊन गोल गोल पसरले तर ओली शिते तव्यावरून खरवडली जातात. एक ओगराळे पीठ तव्याच्या मध्यावर घालावे, आणि हाताची बोटे पाण्यात बुडवून, थालीपीठ थापतो त्यापेक्षा बऱ्याच हलक्या हाताने, कडेकडे थोपटत न्यावे. सवय नसणाऱ्यांनी ओल्या चमच्याच्या पाठीने तेच करावे. वीतभर रुंदीच्या पुढे जाऊ नये, कारण मोठे धिरडे उलटताना मधोमध चिरते.

धिरडी तव्याला चिकटतात आणि उलटताना तुटतात. काय चुकते?

बहुतेक वेळा घाई चुकते. पीठ घातल्यावर झाकण ठेवून मध्यम आचेवर दीड ते दोन मिनिटे उलथन्याला हातच लावू नये. वरचा ओला चकचकीतपणा जाऊन पृष्ठभाग निस्तेज दिसू लागला आणि कडा आपोआप सुटून किंचित वर उचलल्या की मगच उलथने खाली सरकवावे. ते कडेकडून चारही बाजूंनी फिरवून घ्यावे आणि शेवटी मध्यात न्यावे. जो भाग अजून धरून बसला असेल त्याच्यावर जोर करू नये; कडेने अर्धा चमचा तूप सोडून आणखी अर्धे मिनिट थांबावे, तो सुटतोच. तरीही तुटत असेल तर पिठात दोन चमचे तांदळाची पिठी वाढवावी.

भाजून झाल्यावरही आतून गिजगिजीत लागतात. याला उपाय आहे का?

आहे. धिरडे जाड झाले असेल, आच मोठी असेल किंवा झाकण दुसऱ्या बाजूलाही ठेवले असेल, तर असे होते. झाकण फक्त पहिल्या बाजूला ठेवावे आणि उलटल्यावर काढून टाकावे, म्हणजे आतली वाफ बाहेर जाते. तयार झालेली धिरडी एकावर एक रचू नयेत. ती जाळीवर किंवा फडक्यावर दोन मिनिटे सुटी ठेवावीत.

सोडा घातल्यास जाळी पडेल का?

थोडी पडेल, पण घालू नये. वरणात हळद असते आणि सोड्यासारखा अल्कधर्मी पदार्थ लागताच हळद लालसर होते. धिरड्यावर तांबूस डाग दिसतात आणि जिभेवर साबणासारखी चव येते. जाळी हवीच असेल तर पाण्याऐवजी आंबट ताक घालावे.

रात्रीचा वरणभात सकाळी वापरणे सुरक्षित आहे का?

तो कसा ठेवला होता, यावर हे सर्वस्वी अवलंबून आहे, आणि येथे मी कोणतीही सवलत देत नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात उबदार हवेत तासन् तास पडून राहिला की हे बीजाणू जागे होतात, जिवाणू वाढतात आणि विष तयार करतात. या विषाचा एक प्रकार असा आहे की तो पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. त्यामुळे तव्यावर खरपूस भाजले म्हणजे सगळे मरते, हा समज चुकीचा आहे. अशा भातामुळे खाल्ल्यानंतर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात.

म्हणून रात्री जेवणे आटोपताच उरलेला भात कुकरच्या डब्यात दाबून तसाच ओट्यावर ठेवू नये. तो ताटात किंवा परातीत पातळ पसरावा, म्हणजे लवकर निवतो, आणि तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा. उन्हाळ्यात तर याहून लवकर. फ्रिजचे तापमान 5 अंशांच्या खाली असावे आणि भात 24 तासांच्या आत संपवावा. वरणालाही हाच नियम लावावा. रात्रभर वीज गेली होती, किंवा भात बाहेरच राहिला, किंवा वास घेऊन पाहावासा वाटला, तर त्याची धिरडी करू नयेत. विष तयार झालेल्या भाताला वेगळा वास येतोच असे नाही.

फ्रिजमधून काढलेला भात कडक झालेला असतो. तो तसाच कालवावा का?

नाही. गार होताना शिजलेला स्टार्च पुन्हा आवळला जातो आणि शीत टणक होते. अशा भातावर पाण्याचा हबका मारून, वरणासह पातेल्यात चांगली वाफ येईपर्यंत गरम करावे, म्हणजे तो पुन्हा मऊ होतो. कोमट झाल्यावर कालवावा. फार गरम असताना कच्ची पिठी घातली तर तिच्या गुठळ्या होतात.

पीठ आंबवावे का, आणि उरलेले पीठ ठेवता येते का?

आंबवण्याची गरज नाही, आणि शिजलेला भात असलेले पीठ बाहेर ठेवून आंबवणे वर सांगितलेल्या कारणाने योग्यही नाही. पीठ उरलेच तर त्याची धिरडी घालून ठेवावीत. भाजलेली धिरडी फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतात. मात्र शिळ्या भाताचे एकदाच रूपांतर करावे, त्याचे पुन्हा शिळे करू नये.

खिचडी, दहीभात किंवा मेतकूटभात यांची धिरडी होतात का?

मुगाच्या मऊ खिचडीची फारच सुरेख होतात. तिच्यात डाळ-तांदूळ एकत्रच शिजलेले असतात, त्यामुळे कालवण्याचे कामही निम्मे होते. तेथे पिठी तेवढीच ठेवून बेसन मात्र दोन चमच्यांवर आणावे. मसालेभाताची मी करीत नाही, कारण त्यातल्या भाज्यांच्या फोडी पसरू देत नाहीत.

मेतकूटभाताचे उत्तर वेगळे आहे. मेतकूट मुळात भाजलेल्या डाळी, तांदूळ आणि मसाले दळून केलेले असते, म्हणजे ते कच्च्या पिठासारखे धरून ठेवण्याचे काम करीत नाही. गुरगुट्या भातात मेतकूट कालवून त्याची धिरडी करायची असल्यास दोन वाट्या भाताला पिठी पाऊण वाटी घ्यावी आणि मेतकूट दोन चमचे पिठात, एक चमचा वरून तुपाबरोबर घालावे. तापातून उठलेल्या माणसाला तोंडाला चव येईल असे काही हवे असते, पण तिखट-तेलकट नको असते. तेव्हा मिरची वगळून ही मेतकुटाची धिरडी करावीत. दहीभात फ्रिजमधला असावा आणि दही फार आंबट नसावे, नाहीतर लोखंडी तव्यावर धातूची चव उतरते.

उपासाला असे काही करता येईल का?

भगर आणि दाण्याची आमटी हा उपासाचा वरणभातच आहे. उरलेली मऊ भगर कुस्करून, दाण्याच्या आमटीचे दोन-तीन डाव, राजगिऱ्याचे किंवा शिंगाड्याचे पीठ, जिरे आणि मिरची घालून धिरडी करावीत. हळद, हिंग आणि बेसन अर्थातच वगळावे. भगरही पाणी भरपूर धरून ठेवते, त्यामुळे ही धिरडी लहान घालावीत.

बरोबर काय वाढावे?

साजूक तूप, लिंबाची फोड आणि लिंबाचे मुरलेले गोड लोणचे एवढे पुरेसे आहे. ज्यांना झणझणीत हवे त्यांनी लसणाची कोरडी चटणी घ्यावी. ओल्या खोबऱ्याची चटणी मी टाळते, कारण तिच्यापुढे वरणाची सौम्य चव दबते. आंबोळीबरोबर काळ्या वाटाण्याची उसळ जशी खुलते तशी ती येथे खुलत नाही, हेही करून पाहून सांगते आहे. पोटभरीचे जेवण म्हणून करायची असतील तर सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर ठेवावी.

मुलांच्या डब्यात देता येतात का?

देता येतात आणि गार झाल्यावरही ती मऊ राहतात, कारण भाताने धरलेला ओलावा टिकून असतो. फक्त डबा बंद करण्यापूर्वी धिरडी पूर्ण निवू द्यावीत. गरम भरली तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी पुन्हा धिरड्यांवर पडते. मधल्या सुट्टीत खाल्ली जातील अशा सकाळच्या डब्यासाठी ती ठीक आहेत. दुपारी उशिरापर्यंत डबा उन्हात किंवा गाडीत राहणार असेल तर देऊ नयेत.

मधुमेह असलेल्यांना चालतील का?

हा तांदळाचाच पदार्थ आहे, त्यामुळे तो तांदूळ म्हणूनच मोजावा. डाळीमुळे प्रथिने मिळतात. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे दोन आवश्यक घटक; तांदळात कमी असणारे लायसिन डाळीतून आणि डाळीत कमी असणारे मेथिओनिन तांदळातून भरून निघते, हा वरणभाताचा जुना गुण धिरड्यातही कायम राहतो. पण त्यामुळे साखर वाढत नाही असे नव्हे. वरणाचे प्रमाण वाढवून, पिठीच्या जागी ज्वारीचे पीठ घेऊन दोन धिरड्यांवर थांबावे आणि आपल्या डॉक्टरांनी आखून दिलेल्या आहारात ते बसते का, हे पाहावे.

परदेशात आंबेमोहोर मिळत नाही. पर्याय काय?

थाई दुकानात मिळणारा जास्मिन तांदूळ मऊ आणि चिकटसर शिजतो, तो घ्यावा. लांब शिताचा बासमती गार झाल्यावर जास्त कडक होतो, म्हणून तो टाळावा किंवा नेहमीच्या दीडपट पाण्यात शिजवावा. तुरीच्या डाळीऐवजी मसुराची केशरी डाळ वापरली तरी वरणाची सय राहते. ती वीस मिनिटांत कुकरशिवाय शिजते.

हा पदार्थ जुना आहे का?

तव्यावर पीठ पसरून भाजण्याची रीत निश्चितच जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 1129 च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात डाळी वाटून केलेल्या ‘धोसक’ नावाच्या पदार्थाचे वर्णन आहे. वरणभाताची धिरडी मात्र कोणत्याही ग्रंथातली नाहीत. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या, किंवा उरलेली आमटी थालीपिठाच्या भाजणीत मुरवणाऱ्या घरांतलीच ही रीत आहे.

उरलेला नसेल तर मुद्दाम वरणभात लावावा का?

जरूर लावावा. आता मी तसेच करते. रविवारी सकाळी कुकरमध्ये अर्धी वाटी तांदूळ आणि पाव वाटी डाळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात, तांदळाच्या तिप्पट पाण्यात, शिजवते. ताजा वरणभात कोमट होईपर्यंत कोथिंबीर निवडून होते. ताज्याची धिरडी शिळ्यापेक्षा मऊ आणि थोडी फिकट होतात. खरपूसपणा हवा असेल तर रवा एक चमचा वाढवावा.

पहिली दोन धिरडी छान होतात, पण शेवटची जाड आणि कोरडी होतात. असे का?

पीठ थांबले की रवा आणि पिठी पाणी पीतच राहतात, आणि जड शिते व रवा भांड्याच्या तळाशी बसतात. वरचे पातळ पीठ आधी संपते आणि तळाचे दाट पीठ शेवटी उरते. म्हणून प्रत्येक धिरड्यापूर्वी ओगराळे तळापर्यंत नेऊन पीठ ढवळावे आणि निम्मी धिरडी झाल्यावर एक-दोन चमचे कोमट पाणी घालावे. पातेल्याच्या कडांना लागलेले पीठ मात्र पाणी घालून विसळून घेऊ नये. ते बोटाने निपटून तव्यावर लहानसे घालावे, आणि आच मंद करून कडेने तूप सोडून कुरकुरीत होईपर्यंत राहू द्यावे. आमच्या घरी त्या शेवटच्या धिरड्यावर कोणाचा हक्क, हे पहिले धिरडे तव्यावर पडण्याआधीच ठरलेले असते.